दम लागणं वेगळं, दमा वेगळा

मागच्या वेळी आम्ही चुलीच्या धुराबद्दल बोललो. त्यानंतर जे फोन आले, त्यात एक प्रश्न पुन्हा पुन्हा होता. "मला दमा आहे. डॉक्टर म्हणतात रोज चाला. पण चाललं की धाप लागते. मग चालू की नको?" आणि एका ताईंनी तर सरळच विचारलं, "दिवसभर भांगलून येतो आम्ही, वर आणि व्यायाम कशाला?" दोन्ही प्रश्न रास्त आहेत. त्यांची उत्तरं शोधायला गटातल्या आम्ही चौघीजणी आशाताईंना सोबत घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टर मॅडमना भेटून आलो, थोडं वाचलंही. आज त्याच दोन प्रश्नांवर बोलायचं आहे.

उत्तर आधीच सांगून टाकतो. दमा ताब्यात असेल तर व्यायाम करायचाच. ताब्यात नसेल तर आधी औषध नीट सुरू करायचं आणि मग व्यायाम. दमा आहे म्हणून बसून राहायचं, हे मात्र कुठल्याच डॉक्टरांच्या पुस्तकात नाही.

आता आपल्या भाषेतच एक गोंधळ आहे. दम लागणं आणि दमा, शब्द सख्ख्या बहिणींसारखे दिसतात, म्हणून आपण दोन्ही एकच समजतो. दम सगळ्यांनाच लागतो. डोंगरावरच्या देवीला जाताना पैलवानालाही लागतो. चढताना श्वास जोरात चालतो, छाती धडधडते, थांबलं की चार-पाच मिनिटांत खाली येतो. दम्याचं तसं नाही. दम्यात श्वास घेण्यापेक्षा सोडायला त्रास होतो, छातीवर कुणी दगड ठेवल्यासारखं वाटतं, सूं सूं असा आवाज येतो किंवा नुसता कोरडा खोकला सुटतो. आणि लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट म्हणजे श्रमानं उठणारा दमा पुष्कळदा काम चालू असताना उठतच नाही, तर थांबल्यावर पाच-दहा मिनिटांनी वाढतो. मग अर्ध्या-पाऊण तासानं, कधी तासाभरानं आपोआप निवतो. म्हणून तर बऱ्याच जणींना कळतच नाही, की हा खोकला मघाच्या चढाचा आहे.

हे दोन वेगळे ओळखता आले नाहीत की काय होतं, तर साध्या दम लागण्यालाही बाई घाबरते. घाबरली की चालणं सोडते. चालणं सोडलं की पायातली ताकद जाते, वजन वाढतं, आणि मग आधी जेवढ्या चढाला दम लागत नव्हता तेवढ्यालाही लागायला लागतो. तिला वाटतं दमा वाढला. खरं तर शरीर सुस्तावलेलं असतं. आमच्या गटातल्या एक काकू अशाच पाच-सहा वर्षांत डेअरीपासून ओट्यापर्यंत येऊन पोचल्या होत्या. आधी डेअरीला दूध घालायला जाणं बंद, मग देऊळ बंद, मग बैठकीलाही सुनेलाच पाठवायला लागल्या.

दम्यात आत नेमकं काय होतं ते ठिबकवरून सांगतो, कारण ते आपल्या रोजच्या पाहण्यातलं आहे. ठिबकच्या नळीत क्षार धरले की पाणी कमी येतं. श्वासनलिकेत तसंच तीन बाजूंनी होतं. नळीच्या आतल्या अस्तराला सूज येते, नळीभोवतीचे स्नायू आवळतात आणि आत चिकट कफ धरतो. सूज ही कायमची मुक्कामी असते, त्रास नसेल त्या दिवशीही थोडी असतेच. आवळणं मात्र अचानक होतं, धुरानं, धुळीनं, गाजर गवताच्या फुलोऱ्यानं, सर्दी-पडशानं, गार हवेनं, आणि श्रमानंही.

श्रमानं का, तेही ऐका. आपण निवांत बसलेलो असतो तेव्हा मिनिटाला साधारण सहा-आठ लिटर हवा आत घेतो, तीही नाकातून. नाक म्हणजे घराची ओसरी. बाहेरची हवा तिथं थांबते, गरम होते, ओली होते, धूळ झटकते, मग आत जाते. भराभर चालायला लागलं की तीच हवा वीस-तीस लिटरांच्या पुढं जाते, आणि नाक पुरत नाही म्हणून आपण तोंड उघडतो. मग कोरडी, गार हवा थेट आत शिरते. सुजलेल्या अस्तराला ती सोसत नाही, आतला ओलावा उडतो आणि स्नायू आवळतात. म्हणजे त्रास व्यायामाचा नसतो, कोरड्या-गार हवेचा असतो. आणि त्याला उपाय आहे.

मग व्यायामानं फायदा कसा? इथं आम्हाला खोटं आश्वासन द्यायचं नाही. व्यायामानं दमा मुळातून जात नाही. जगभरच्या अभ्यासांची छाननी करणारी कॉक्रेन नावाची संस्था आहे, तिनं २०१३ साली २१ अभ्यास एकत्र करून पाहिले, ७७२ रुग्णांचे. त्यात दिसलं की नियमित व्यायाम करणाऱ्यांची ताकद आणि दमसास स्पष्ट वाढला, व्यायामामुळं दमा बिघडला नाही, पण फुंकण्याच्या यंत्रावर मोजलेल्या फुप्फुसाच्या आकड्यांत मोठा फरक पडला नाही. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात औषध चालू असलेल्या रुग्णांना आठवड्यातून दोनदा, तीन महिने, चालण्या-धावण्याचा व्यायाम दिला. त्यांच्या श्वासनलिकांचा चटकन आवळण्याचा स्वभाव कमी झाला असं तिथल्या डॉक्टरांना आढळलं.

आकडा हलत नाही आणि तरी बाईला बरं वाटतं, हे कसं? तर स्नायू तयार झाले की तेच काम ते कमी हवेत करतात. आधी पाण्याचे दोन हंडे आणायला समजा पंचवीस लिटर हवा लागायची, ती वीस लिटरमध्ये भागली. तोंड उघडायची वेळच आली नाही, की पुढचं सगळं टळलं. शिवाय वजन उतरलं तर छाती-पोटावरचं ओझं कमी होतं, झोप लागते, मन टिकून राहतं. आमच्या मते सगळ्यात मोठा फायदा म्हणजे भीती जाते. कुठला दम साधा आणि कुठला दम्याचा, हे बाईला स्वतःला कळायला लागतं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाकडे येतो. भांगलण, पाणी, जनावरं, सारवण, हे सगळं श्रमाचंच आहे आणि शरीराला त्याचा फायदा होत नाही असं म्हणणं चूक ठरेल. पण दम्याच्या दृष्टीनं काम आणि व्यायाम यांत फरक आहे. कामात वेग आपल्या हातात नसतो, मुकादमाच्या हातात असतो. "दोन मिनिटं हळू करते" असं म्हणायची सोय नसते. काम बहुधा धुळीत नाहीतर धुरात असतं. ज्वारीची मळणी आठवा, शेणी रचणं आठवा, ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात ते आठवा. आणि काम तुकड्या-तुकड्यानं होतं. वाकलं, उचललं, धावलं, थांबलं. शरीराला तापायला वेळ मिळत नाही. व्यायाम म्हणजे स्वच्छ हवेतला, स्वतःच्या चालीचा, हळूहळू चढणारा आणि हळूहळू उतरणारा अर्धा तास. तो आपला असतो. (आणि बाईला स्वतःचा अर्धा तास मागता येणं हाच आमच्याकडे अर्धा व्यायाम आहे, हे आम्हाला ठाऊक आहे.)

गटाच्या मसाला उद्योगातही आम्ही हेच धोरण ठेवलं आहे. ज्या वहिनींना दमा आहे त्या कांडपाच्या खोलीत जात नाहीत. मिरचीची भुकटी कुणालाच चांगली नाही, पण त्यांना तर नाहीच. त्या विक्री आणि हिशोब बघतात, गावोगाव चालतात.

व्यायाम सुरू करण्याआधी दमा ताब्यात आहे का, हे कसं ओळखायचं? डॉक्टर चार प्रश्न विचारतात, गेल्या चार आठवड्यांचे. दिवसा त्रास आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा झाला का? दम्यानं रात्री जाग आली का? लगेच आराम देणारा पंप आठवड्यातून दोनपेक्षा जास्त वेळा ओढावा लागला का? दम्यामुळं कुठलं काम करता आलं नाही का? एकाही प्रश्नाला "हो" आलं तर दमा पुरता ताब्यात नाही. यातला चौथा प्रश्न फसवा आहे. आपल्या बायका त्याला हमखास "नाही" म्हणतात, कारण जे काम जमत नाही ते त्यांनी केव्हाच सोडून दिलेलं असतं. त्या काकूंनाही डॉक्टर मॅडमनी विचारलं तेव्हा "काही अडत नाही" म्हणाल्या. मग आशाताईंनी विचारलं, "देवळाच्या पायऱ्या शेवटच्या कधी चढलात?" तेव्हा खरं बाहेर आलं. म्हणून स्वतःला प्रश्न असा विचारा, की पाच वर्षांपूर्वी करत होते आणि आता करत नाही असं काय काय आहे?

ताब्यात नसेल तर पंप. हा शब्द काढला की बैठकीत शांतता पसरते. "पंपाची सवय लागते", "पंप म्हणजे शेवटचं औषध", "मुलीच्या हातात पंप दिसला तर लग्न जमायचं नाही". यातलं शेवटचं तर आम्हाला सर्वात जास्त छळतं, कारण त्यापायी मुली पंप दप्तराच्या तळाशी लपवतात आणि त्रास झाला तरी काढत नाहीत. हिशोब बघा. साल्ब्युटामॉल म्हणजे श्वासनलिका लगेच उघडणारं औषध. त्याच्या पंपाच्या एका दाबात १०० मायक्रोग्रॅम औषध असतं. त्याच औषधाची ४ मिलिग्रॅमची गोळी घेतली तर पोटात जातं ४००० मायक्रोग्रॅम, म्हणजे चाळीस दाबांएवढं. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, हात थरथरतात, छाती धडधडते. पंपातलं थेट नळीत जातं. मग जास्त औषध कशात झालं?

पंप दोन प्रकारचे असतात आणि ही गल्लत फार होते. एक लगेच आराम देणारा, बहुतेक ठिकाणी निळ्या रंगाचा. तो आवळलेले स्नायू सैल करतो, सूज उतरवत नाही. दुसरा सूज उतरवणारा, त्यात अगदी कमी मात्रेचं स्टिरॉइड असतं. तो लागलीच काही जाणवू देत नाही, म्हणून बायका सोडून देतात. पण दमा ताब्यात ठेवतो तो हाच. काहींमध्ये दोन्ही औषधं एकत्र असतात. नुसत्या निळ्या पंपावर वर्षानुवर्षं काढणं धोक्याचं आहे, आणि २०१९ पासून दम्याच्या जागतिक मार्गदर्शनातही तसं स्पष्ट सांगितलं आहे. स्टिरॉइडचा पंप ओढल्यावर चूळ भरून थुंकायची, म्हणजे तोंड येत नाही. चाललं की रोजच छाती भरत असेल, तर चालणं बंद करायचं नाही, डॉक्टरांकडे जाऊन दुसऱ्या पंपाबद्दल विचारायचं. व्यायामाला पाठबळ औषधाचं आहे. व्यायाम सुरू केला म्हणून औषध सोडलं, असं कृपा करून कुणी करू नका.

पंप दाबायचा आणि त्याच वेळी श्वास ओढायचा, हे पुष्कळ जणींना जमत नाही. औषध जिभेवर बसतं. त्यासाठी मध्ये स्पेसर नावाचं नळकांडं लावतात. विकत घ्यायला काहीशे रुपये पडतात आणि गटाच्या अंतर्गत कर्जातून ते सहज बसतं. पण दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनच्या डॉक्टरांनी पाचशे मिलिलिटरच्या प्लास्टिकच्या बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढं भोक पाडून, तिथं पंप बसवून, कडा पक्क्या बंद करून मुलांवर वापरून पाहिलं. १९९९ साली त्यांनी ते छापलं. कडा नीट बंद असतील तर ती बाटली विकतच्या स्पेसरइतकीच चालते असं निघालं. कडा सैल राहिल्या तर तेवढा उपयोग होत नाही.

आता चालण्याकडे येऊ. पहिली दहा मिनिटं अगदी सावकाश, बाजारात भाजी बघत फिरतो तशी. ही दहा मिनिटं चुकवायची नाहीत. शरीर हळूहळू तापलं की श्वासनलिका पुढचा जोर सोसतात. मग वेग वाढवायचा. किती? शेजारणीशी बोलता यावं, पण आरती म्हणायला गेलं तर दम तुटावा, एवढा. बोलताही येईना तर वेग जास्त झाला. शेवटी पुन्हा पाच-दहा मिनिटं हळू, एकदम मटकन बसायचं नाही. पहिल्या आठवड्यात मधला जोराचा भाग पाचच मिनिटांचा ठेवा, मग दर आठवड्याला दोन-तीन मिनिटं वाढवा. आठवड्याला दीडशे मिनिटं हे जागतिक आरोग्य संघटनेचं सगळ्या मोठ्या माणसांसाठीचं सांगणं आहे, म्हणजे अर्धा तास, पाच दिवस. तिथं पोचायला तीन महिने लागले तरी हरकत नाही. चालण्याआधी पंप घ्यायचा की नाही, कोणता, किती वेळ आधी, हे डॉक्टरांनी लिहून द्यायचं. घ्यायला सांगितला असेल तर "आज बरं वाटतंय" म्हणून टाळू नका. आणि पंप घरी ठेवून चालायला जायचं नाही, कनवटीला असू द्या.

वेळेचं आमचं मत जरा वेगळं आहे. पहाटे उठून फिरणं चांगलं, असं सगळे सांगतात. कार्तिकापासून माघापर्यंत दम्याच्या बाईला ते चांगलं नाही. हवा गार असते, पाण्याच्या चुली पेटलेल्या असतात आणि धूर खालीच तरंगत राहतो. ऊन जरा वर आल्यावर नाहीतर दुपारी चारच्या सुमाराला जा. गार वाटलं तर नाका-तोंडावरून पदर किंवा ओढणी घ्या, म्हणजे सोडलेल्या श्वासाची ऊब-ओल पुढच्या श्वासाला मिळते. कारखान्याच्या ट्रॅक्टरांचा रस्ता नको. जवळ पाचट पेटवलं असेल त्या दिवशी, फटाक्यांच्या दिवसांत, ताप-सर्दी असेल तेव्हा, किंवा आदल्या रात्री दम्यानं झोप मोडली असेल तर सुट्टी. त्या दिवशी घरातच हातपाय हलवा.

प्राणायामाचं बऱ्याच जणींनी विचारलं. श्वासाच्या संथ व्यायामांनी रुग्णांना बरं वाटतं, घाबरेपणा कमी होतो, असं अभ्यासांतही दिसलं आहे. चुलीत फुंकणीनं हलकी फुंकर घालतो तसं ओठ चंबू करून हळूहळू श्वास सोडायची सवय करा, चढ चढताना तिचा आधार वाटतो. पण भराभर, झटके देऊन श्वास घेण्या-सोडण्याचे प्रकार स्वतःच्या मनानं करू नका, आणि त्रास चालू असताना तर मुळीच नाही. चालण्यानं जी ताकद येते ती नुसत्या प्राणायामानं येत नाही, आणि पंपाची जागा दोन्ही घेत नाहीत.

आता मुलींबद्दल. शाळेत दमा कळला की सर-बाई पहिली गोष्ट करतात ती मुलीला खेळाच्या तासाला सावलीत बसवतात. हेतू चांगला असतो. पण आठवीतली खो-खो खेळणारी मुलगी एकदा बसली की पुन्हा उठत नाही. इंग्लंडच्या पॉला रॅडक्लिफ यांना लहान वयापासून श्रमानं उठणारा दमा. औषध घेत घेत त्या धावल्या आणि २००३ साली लंडनची मॅरेथॉन त्यांनी २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांत पूर्ण केली. बायकांचा तो जागतिक विक्रम सोळा वर्षं टिकला. आपल्या मुलीनं विक्रम करावा असं आमचं म्हणणं नाही, तिला खो-खो खेळू द्यावं एवढंच आहे. त्यासाठी डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून आणा, की हिला खेळू द्यावं, आधी दहा मिनिटं हळू पळवावं, त्रास झाला तर हा पंप असा द्यावा. कागद वर्गशिक्षकांकडे द्या, पंप दप्तरात वरच्या कप्प्यात. खो-खोत थांबून थांबून पळायचं असल्यामुळं लांब पल्ल्याच्या धावण्यापेक्षा ते सोसतंही बरं.

चालताना छाती आवळायला लागली तर थांबा. आडवं व्हायचं नाही, ताठ बसायचं, कमरेचं-चोळीचं घट्ट असेल ते सैल करायचं, आराम देणारा पंप डॉक्टरांनी सांगितलाय तसा ओढायचा. पंपानं उतार पडत नसेल, एक वाक्य सलग बोलता येत नसेल, ओठ-नखं निळसर दिसत असतील, किंवा मूल श्वास घेताना बरगड्यांमध्ये खड्डा पडत असेल, तर वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. गाडी येईपर्यंत पंप चालू ठेवायचा. रात्र आहे, घरी पुरुषमाणूस नाही, असली कारणं तेव्हा चालत नाहीत.

त्या काकू सध्या रोज दुपारी डेअरीपर्यंत जाऊन येतात. मधल्या पारावर एकदा बसतात. देवळाच्या पायऱ्या अजून चढलेल्या नाहीत, संक्रांतीला वाण घेऊन वर जायचं म्हणतात. सूज उतरवणारा पंप सकाळ-संध्याकाळ चालू आहे, आणि सून आता तो आठवणीनं हातात देते.

पुढच्या बैठकीला आशाताई येणार आहेत. ज्यांच्या घरी पंप आहे त्यांनी तो सोबत आणा, संपलेला असला तरी आणा, आणि पाचशे मिलिलिटरची एक धुतलेली बाटलीही. पंप कसा ओढता ते एकेकीनं करून दाखवायचं आहे.